आठवड्याला अडीचशे रुपये

८ ऑक्टोबर २०२५ला आमच्या पनवेलजवळच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. दिवसभर व्हॉट्सॲपवर कमळाच्या आकाराच्या टर्मिनलचे व्हिडिओ फिरत होते. त्याच कार्यक्रमात आणखी एका गोष्टीची सुरुवात झाली, पण ती कुणी फॉरवर्ड केली नाही. राज्यातल्या ४०० शासकीय आयटीआय आणि १५० शासकीय तांत्रिक विद्यालयांमध्ये अल्पमुदतीचे रोजगाराचे अभ्यासक्रम सुरू झाले. इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून त्याला ‘स्टेप’ म्हणतात.

माझी मामेबहीण बारावीला आहे. तिला हॉटेल मॅनेजमेंट करायचंय. वर्षाला दोन कोटी प्रवासी हाताळायला बांधलेला विमानतळ घरापासून रिक्षाच्या अंतरावर आल्यावर असं वाटणं साहजिक आहे. तिनं मला सरळ विचारलं, “दादा, हे काम शिकायला सरकार पैसे देतं का?”

मी हो म्हणालो. मग नेमके कशाचे पैसे देतं, कधीपासून, आणि कुणाला, हे शोधायला बसलो.

तिच्या बापानं, म्हणजे माझ्या मामानं, हाच धंदा शिकला तो एका रुपयाच्या मदतीशिवाय. १९८५च्या आसपास तेरा वर्षांचा असताना तो हायवेवरच्या एका हॉटेलात लागला. पहिले आठ महिने पगार नाही. दोन वेळचं जेवण, चहा, आणि रात्री बाकडी जोडून झोपायला जागा. आधी मोरीत भांडी, मग टेबलावर फडका, मग बाहेरच्या दुकानांत चहा पोचवणं. भटारखान्यात शिरायला दोन वर्षं गेली. वस्ताद शिकवत नसे, फक्त बघू देत असे. एकदा वस्ताद तापानं पडला आणि मामानं भज्यांचा पहिला घाणा काढला. “त्या दिवशी मी पास झालो,” असं तो अजून सांगतो.

आठ महिन्यांचा बुडालेला पगार ही त्याची फी होती. ती मालकानं घेतली आणि मामाच्या आईनं भरली, कारण घरात येऊ शकणारे पैसे आले नाहीत. पावती अर्थातच कुणी दिली नाही.

पनवेलमध्ये हे शिक्षण पिढ्यानपिढ्या असंच चाललं. हे गावच वाटसरूंवर वाढलेलं. मुंबईहून होडीनं पनवेल बंदरात उतरायचं आणि पुढे घाट चढून पुण्याला जायचं, हा जुना रस्ता. १८३०मध्ये बोरघाटातून गाड्यांचा रस्ता खुला झाला तेव्हा ही वर्दळ वाढली. १८५२मध्ये इथं नगरपालिका आली. १८६३मध्ये रेल्वे घाट चढली, पण ती कल्याण-कर्जतवरून. पनवेल बाजूला पडलं. मग मोटारी आल्या, पुण्याचा आणि गोव्याचा रस्ता इथूनच फुटायला लागला, आणि पळस्प्याला बटाटेवडा खायला गाड्या थांबू लागल्या. वाटसरूला खाऊ घालणं आणि रात्रीपुरती जागा देणं हा या गावाचा इतका जुना उद्योग असून तो शिकवण्याची जबाबदारी मात्र कुणावरच नव्हती.

आणि तो कुणालाही शिकता येत नव्हता, हेही सांगायला हवं. कुणाच्या हातचं कोण खाणार हे जातीवर ठरत होतं. जुन्या मुंबई-पुण्यात पाटीवरच ‘ब्राह्मणांचे’ असं लिहिलेली हॉटेलं होती. दलित माणसाला हॉटेलात कपबशी वेगळी आणि धर्मशाळेत जागा नाही. ऑगस्ट १९२३मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात एक ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच शाळा, न्यायालयं, दवाखाने अस्पृश्य मानलेल्यांना खुले असावेत, असा तो ठराव. त्याच्या आधारावर महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं, प्रत्यक्षात ते बंदच राहिलं, आणि १९२७मध्ये बाबासाहेबांना तिथं सत्याग्रह करावा लागला. महाड आणि पनवेल तेव्हा एकाच कुलाबा जिल्ह्यात होते. शाळेत आपण तळ्याबद्दल वाचतो, त्या यादीतल्या धर्मशाळेकडे कुणाचं लक्ष जात नाही.

जिथं सार्वजनिक पैसा तिथं सगळ्यांचा हक्क, हे तत्त्व या ठरावात होतं. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात तर उपाहारगृहं आणि हॉटेलं थेट नावानिशी आली, त्यासाठी सरकारी पैशाची अटही उरली नाही. पण तो गिऱ्हाइकाचा हक्क झाला. चुलीपाशी उभं राहून शिकण्याचा हक्क कुठून येणार? वस्तादाच्या भटारखान्यात नात्यागोत्यातली, गावातली पोरं घेतली जात. सरकारी शाळेत मात्र जातीचा दाखला लागतो तो राखीव जागेसाठी, सोवळ्यासाठी नाही. हा फरक मला फार मोठा वाटतो.

अशी पहिली संस्था १९५४मध्ये मुंबईत निघाली. आज आपण तिला ‘दादर केटरिंग कॉलेज’ म्हणतो. सुरुवात अंधेरीत, भवन्स कॉलेजच्या आवारात झाली. त्यामागे लीलावती मुन्शी आणि त्यांची महिलांची अन्न परिषद होती. मला वाटलं होतं, ताजसारख्या हॉटेलांना माणसं हवीत म्हणून कॉलेज निघालं असेल. कारण वेगळंच होतं. देशात धान्य नव्हतं. मुंबईत १९४३पासून रेशनिंग होतं, १९५१मध्ये अमेरिकेकडून गव्हासाठी कर्ज घ्यावं लागलं. लीलावतीबाईंचे पती कन्हैयालाल मुन्शी १९५० ते ५२ केंद्रात अन्नमंत्री होते. गहू-तांदूळ कमी वापरून पोटभर, स्वस्त, पौष्टिक जेवण कसं देता येईल, हा त्या काळचा प्रश्न. त्यासाठी या परिषदेनं ‘अन्नपूर्णा’ नावाची उपाहारगृहं काढली. तिथं तृणधान्याला पर्याय असलेले पदार्थ मिळत.

या खटपटीतून केटरिंगचं शिक्षण जन्मलं. संस्थेच्या पूर्ण नावाच्या शेवटी अजूनही ‘अप्लाइड न्यूट्रिशन’, म्हणजे उपयोजित पोषण, हे शब्द आहेत. पंचतारांकित हॉटेलात नोकरी शोधणाऱ्या मुलांच्या पदविकेवर ते जरा पाहुण्यासारखे दिसतात, पण घर मुळात त्यांचंच होतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथंही अशा संस्था निघाल्या. हे सगळं केंद्राच्या अन्न खात्याकडे होतं. सरकार पैसे घालत होतं ते जेवणाऱ्या माणसाचा विचार करून.

मुंबईला दुसरी एक ‘अन्नपूर्णा’ही आहे, आणि तिची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. गिरणगावात गावाकडून एकट्या आलेल्या कामगारांना घरगुती खानावळी जेवण देत. ते रांधणाऱ्या बायका सावकाराच्या कर्जात बुडालेल्या असत. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ काढलं आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज मिळवून दिलं. १९६९ला बँका सरकारी झाल्या नसत्या तर खानावळवालीला बँकेच्या दारात कुणी उभं केलं असतं? पुढे मंडळाचं केंद्र वाशीतही उभं राहिलं. या बायका रांधायला कुठंच शिकायला गेल्या नव्हत्या. त्यांना हवं होतं भांडवल, हिशेब आणि पत. म्हणजे या धंद्यात सार्वजनिक पैसा कॉलेजच्या वाटेनंच यायला हवा असं काही नाही. पण सरकारी कागदांत केटरिंगच्या शिक्षणाचा इतिहास वाचला तर खानावळवाली त्यात सापडत नाही.

मग ऐंशीचं दशक आलं. १९८२मध्ये हॉटेल मॅनेजमेंटची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली आणि त्याच दशकात हे शिक्षण अन्न खात्याकडून पर्यटन खात्याकडे गेलं. बदल कागदावर लहान दिसतो. पण आता पाहुणा महत्त्वाचा झाला, त्याच्याबरोबर येणारं परकीय चलन महत्त्वाचं झालं. पुण्यात राज्य सरकारनं १९९१मध्ये स्वतःची हॉटेल मॅनेजमेंट संस्था काढली. या संस्था चांगल्या आहेत, त्यांतून निघालेली माणसं जगभर आहेत. मात्र राष्ट्रीय परिषदेच्या संस्थांत आज पदवीची फी लाखांत मोजावी लागते.

दहावीनंतर लगेच हाताला काम हवं असलेल्या मुलांसाठी १९८८च्या सुमारास महाराष्ट्रात अकरावी-बारावीला ‘किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम’ आले. एमसीव्हीसी म्हटलं की तुमच्या मोठ्या भावंडांना आठवेल. कल्पना उत्तम होती. प्रत्यक्षात ‘कमी मार्कवाल्यांची शाखा’ असा शिक्का बसला आणि तो पुसायला कुणी फारसं झटलं नाही. आयटीआयमध्ये अन्न बनवणं, वाढणं, बेकरी, हाऊसकीपिंग, फ्रंट ऑफिस असे वर्षभराचे ट्रेड आहेत. फी अगदी कमी. माझ्या मते गरीब मुलासाठी ही सर्वांत प्रामाणिक सरकारी सोय आहे. अडचण इतकीच, की वर्षभर तो मुलगा घरी पैसे देत नाही.

इथं मला मामाचे आठ महिने आठवतात. फी माफ केली तरी शिकायला लागणारे दिवस उरतातच. ते कोण विकत घेणार?

सरकारला हे कळतं, असं म्हणायला पुरावा आहे. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानं मालकाला उमेदवाराला विद्यावेतन देणं भाग पाडलं. २०१६च्या योजनेत केंद्रानं त्यातला २५ टक्के वाटा, महिना १५०० रुपयांपर्यंत, स्वतः उचलायचं ठरवलं. २०२४मध्ये राज्याच्या ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजने’त बारावीवाल्याला महिना ६०००, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८०००, पदवीधराला १०,००० रुपये सहा महिने मिळायला लागले, नंतर मुदत पाच महिन्यांनी वाढली.

पण फक्त हॉटेलच्या कामासाठी, अगदी खालच्या पायरीवरच्या मुलांसाठी आलेली योजना म्हणजे ‘हुनर से रोजगार तक’. केंद्राच्या पर्यटन खात्यानं ती २००९-१०मध्ये आणली. आठवी पास चालेल. फी नाही, सगळा खर्च सरकारचा. स्वयंपाकाचा अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा, वाढपाचा सहा. आठवाल्याला २००० रुपये विद्यावेतन, सहावाल्याला १५००. भागाकार करून बघा: दोन्हीकडे आठवड्याला अडीचशे रुपये. दिवसाला पस्तीस-छत्तीस.

मी हा आकडा मामाला सांगितला. मला वाटलं तो हसेल. तो गप्प बसला आणि म्हणाला, “आमच्या वेळी हे असतं तर आईनं मला घरून पाठवलं असतं. पळून जावं लागलं नसतं.” तो पळून गेला होता, हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्याच्या उत्तरानंतर माझी या योजनेवरची टीका जराशी मऊ झाली. तरी ती मागे घेत नाही. मामाला भज्यांच्या घाण्यापर्यंत पोचायला दोन वर्षं लागली, त्यांतली बरीचशी फुकट राबवण्यात गेली हे खरं. पण आठ आठवड्यांत आचारी होत नाही. मदतनीस होतो. वर तीन-चार वर्षांची पदवी, खाली आठ आठवडे, आणि मधली वर्ष-दीड वर्षाची पायरी अरुंद. त्या मधल्या पायरीवर विद्यावेतनाची सर्वांत जास्त गरज असते.

पनवेलच्या आसपास या प्रश्नाला आणखी एक धार आहे. नवी मुंबईसाठी १९७०पासून इथल्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या. १९८४च्या जानेवारीत जासई-दास्तानच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं गेली, तेव्हा कुठं साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं मान्य झालं. विमानतळासाठी पुन्हा दहा वस्त्या उठल्या. आता त्याला दि. बा. पाटलांचं नाव देण्यासाठी लोक लढले ते त्या आठवणीतूनच. ज्यांची शेतं धावपट्टीखाली गेली त्यांच्या नातवंडांना तिथं कुठलं काम मिळणार, हा प्रश्न प्रत्येक पुनर्वसित गावात निघतो. ट्रे उचलायचं की किचन चालवायचं, हे बरंचसं मुलाला शिकायला किती दिवस परवडले यावर ठरेल.

मामेबहिणीच्या प्रश्नाचं उत्तर मी शेवटी कागदावर लिहून दिलं. मुलगी आहे, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, आणि ओबीसीतून राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेनं व्यावसायिक पदवीला लागली, तर २०२४च्या निर्णयानुसार शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. त्याखाली मी जे माफ नाही ते लिहिलं: लोकलचा पास, पांढरा कोट, बूट, सुऱ्यांचा संच, कॉलेज लांब असेल तर वसतिगृह. दुसऱ्या रकान्यात आयटीआयचा एक वर्षाचा ट्रेड आणि नंतर शिकाऊ उमेदवारी.

मामानं कागद हातात घेतला, चष्मा लावला, आणि दोन्ही रकान्यांची बेरीज पुन्हा एकदा स्वतः करून पाहिली. मग मुलीला विचारलं, “सुऱ्या किती लागतात?”