चार बोटांचं अंतर

रात्रीचे साडेदहा वाजलेत. जयनगर चौथ्या ब्लॉकमधली वर्दळ ओसरली आहे. खिडकीबाहेर शिरीषाची फांदी रस्त्यावरच्या दिव्यात हलतेय. समुद्र इथून रात्रभराच्या प्रवासावर आहे आणि तुमचं घर त्याच्या पातळीपेक्षा जवळजवळ 900 मीटर उंचावर. तरी तुमच्या टेबलावर, स्क्रीनच्या उजेडात, समुद्रच उघडलेला आहे.

गेल्या फेब्रुवारीत सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्याखाली काढलेला फोटो आहे हा. एक समुद्री गोगलगाय, शंख नसलेली, तांदळाच्या दाण्याएवढी. स्क्रीनवर ती तळहाताएवढी दिसते. अंग काचेसारखं आरपार, पाठीवर बोटांसारख्या नाजूक फुगीर कांड्या, कांड्यांची टोकं केशरी. डोक्यावर दोन शिंगं. त्या शिंगांनी ती पाण्यातला वास टिपते. नीट बघायला तुम्ही पुढे झुकता. आणखी पुढे. स्क्रीनची चौकट नजरेतून सुटते, आणि तिच्याबरोबर जयनगरही.

पायाखाली लाल माती आहे. 1948 साली इथे ज्या वस्तीची पायाभरणी व्हायची आहे, तिचा मागमूस नाही. नाचणीची शेतं, एका तळ्याचा बांध, आणि पुढे उघड्या खडकावर केम्पेगौडांचा बुरूज. त्या खडकाभोवती लालबाग फुलायला अजून शतकाहून अधिक काळ जायचा आहे. साल 1640 च्या सुमाराचं. बेंगळुरू ही शहाजीराजांची जहागीर. वडिलांना भेटायला आलेला दहाएक वर्षांचा शिवाजी तिकडे किल्ल्यात आहे.

तुम्ही तळ्याकाठी उकिडवे बसता आणि ओंजळीत पाणी घेता. पाण्याला हिरवट झाक आहे. ती कशाची, हे बघायला ओंजळ डोळ्यांजवळ आणता. वीतभर अंतरापर्यंत सगळं ठीक. त्याहून जवळ येईल तसं ते पुसट होत जातं. माणसाचा डोळा साधारण तिथेच थांबतो. तळं असो की समुद्र, त्यातलं बहुतेक जीवन त्या वितीच्या पलीकडे नांदतं आहे. तुम्ही ओंजळ रिकामी करता.

पाणी जमिनीवर पडतं आणि खारा वारा येतो. तारीख 25 नोव्हेंबर 1664. मालवणचा किनारा. तो दहा वर्षांचा मुलगा आता चौतीस वर्षांचा आहे आणि समोरच्या कुरटे बेटावर जलदुर्गाची पायाभरणी होते आहे. इथल्या पायात पुढे शिसं ओतलं जाईल. ओहोटी लागलीय. तुम्ही गुडघाभर पाण्यात, खडकांच्या कपारीत वाकून पाहता. खडकाला चिकटलेली कालवं दिसतात, चिंबोऱ्या दिसतात, शेवाळ दिसतं. त्या शेवाळाच्या दोऱ्यांमध्ये तुमच्या फोटोतल्या गोगलगायीचे पूर्वज दडलेले असतील. तुमच्या नाकापासून हातभर अंतर. दिसत मात्र नाहीत. तीन वर्षांत किल्ला उभा राहील. कपारीतल्या या रहिवाशांकडे नीट पाहायचं साधन मात्र या किनाऱ्यावर कुणाच्याच हाती नाही.

1674. जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला. आता सप्टेंबर आहे आणि तुम्ही डेल्फ्टमध्ये, अंतोनी व्हान लेव्हेनहुक या कापडाच्या व्यापाऱ्याच्या खोलीत उभे आहात. कापडाची वीण भिंगातून पारखणारा हा धंदा. त्याने पितळेच्या दोन पत्र्यांमध्ये साबुदाण्याहून लहान भिंग बसवलं आहे. जवळच्या एका तळ्यातून त्याने बाटलीभर पाणी आणलंय. तुम्ही पत्रा डोळ्याला लावता, इतका जवळ की पापण्या धातूला घासतात. आधी नुसता झगमगाट दिसतो. मग हिरव्या रंगाची वेटोळी स्पष्ट होतात आणि त्यांच्यामधून फिरणारे, वळणारे, एकमेकांना चुकवणारे जीव. तुमचा श्वास अडकतो. बेंगळुरूच्या तळ्याकाठी ओंजळ रिकामी केली तेव्हा तुम्ही काय ओतून दिलंत, ते आत्ता कळतं.

विती‍वरून अंतर एका जवावर आलं. पण बाटलीतल्या जिवाला ना त्याचं तळं उरलं, ना शेजार. भिंग त्याच्या जवळ गेलं ते त्याला घरातून उचलून आणून.

म्हणून पुढच्या खेपेला तुम्हीच पाण्यात उतरता. साल 1893, फ्रान्सचा भूमध्य किनारा, बान्यूल-सूर-मेर. डोक्यावर तांब्याचं जड शिरस्त्राण आणि पायांत शिशाचे तळवे. शेजारी प्राणिशास्त्रज्ञ लुई बूताँ. पाणी आत जाणार नाही अशा पेटीत बसवलेला कॅमेरा त्याच्या भावाच्या, ऑगस्तच्या मदतीने तयार झाला आहे. तो तळावर ठेवून वाट बघायची. एका फोटोला अर्धा तासही लागतो. उजेड पुरत नाही म्हणून बूताँ हवेने भरलेलं पिंप खाली आणतो. पिंपावर काचेच्या घुमटात स्पिरिटचा दिवा. रबरी फुगा दाबला की मॅग्नेशियमची पूड ज्योतीवर उडते आणि समुद्राच्या तळाशी वीज चमकल्यासारखं होतं.

त्या उजेडात तुम्हाला खडक दिसतो, समुद्री गवत दिसतं, एखाद्या माशाची आकृती दिसते. सगळ्यावर धुक्याचा पडदा. पाणी उजेडातला लाल रंग पहिल्या काही मीटरांतच शोषून घेतं, आणि त्यात तरंगणारा प्रत्येक कण उरलेला उजेड विस्कटून टाकतो. मध्ये जितकं पाणी जास्त, तितकं चित्र निळं आणि फिकं. इथे जीव त्याच्या घरी आहे, पण तुम्ही त्याच्यापासून कित्येक हात लांब राहिलात.

1969. न्यू कॅलेडोनियातलं नूमेआ. मत्स्यालयासाठी समुद्रातून काढलेला पंख्यासारखा प्रवाळ जॉर्ज बार्जिबाँ यांच्या टेबलावर आहे. तुम्ही त्यांच्या खांद्यावरून बघता. फांदीवरच्या गाठींपैकी दोन गाठी हलतात. त्यांना शेपटी आहे, मान आहे, डोळे आहेत. दोन सेंटिमीटरच्या आसपासचे समुद्री घोडे, अंगावरचे उंचवटे हुबेहूब प्रवाळाच्या मिटलेल्या कळ्यांसारखे. पुढच्याच वर्षी या जातीला बार्जिबाँ यांचं नाव मिळालं. शेजारून पोहत गेलेल्या कुणालाही हा जीव दिसला नसता. तो सापडला तेव्हा त्याचं घर समुद्राबाहेर येऊन पडलं होतं. 2003 मध्ये त्याच्या आणखी एका चिमुकल्या भाऊबंदाला शास्त्रज्ञांनी पाण्याखाली छायाचित्रं काढणाऱ्या डेनिस टॅकेट यांचं नाव दिलं.

आणि आता तुम्ही पुन्हा मालवणात. गेल्या फेब्रुवारीची सकाळ. बेळगाव, आंबोली, सावंतवाडी करत आलेली झोप अजून डोळ्यांत आहे. होडी किल्ल्याच्या तटाला वळसा घालते. 1987 पासून इथलं 29.12 चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य आहे. पाणी हिरवट, गढूळ. तुमचा चेहरा पडलेला बघून होडीवरचा पोरगा सिलिंडरचा पट्टा आवळत म्हणतो, "लांबचा काय दिसूचा नाय. जवळ जावन बघा."

तुम्ही उतरता. हातभर पलीकडे सगळं हिरवं. कॅमेरा हाउसिंगमध्ये आहे, मॅक्रो लेन्स लावली आहे, पुढे आणखी एक भिंग आणि दोन्ही बाजूंना स्ट्रोबचे दिवे. खडकावर पिसासारखी हायड्रॉइडची झुडपं आहेत, दिसायला वनस्पती पण खरं तर प्राणी. पोरगा बोट दाखवतो, पण हात लावत नाही. तुम्हाला आधी काहीच दिसत नाही. मग एका पिसावर केशरी ठिपका सरकतो.

तुम्ही तळाला न टेकता, खडकाला न धरता स्थिर होता. श्वास घेतला की अंग वर येतं, सोडला की खाली जातं. फोकस जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा, म्हणून प्रत्येक श्वासासरशी गोगलगाय धूसर होते आणि परत येते. तिला काडीने सरळ करता आलं असतं. तुम्ही करत नाही. ती हायड्रॉइड खाते आहे. त्याच्या दंशपेशी न फुटता तिच्या पोटातून पाठीवरच्या कांड्यांपर्यंत जातात आणि तिथे तिचं हत्यार बनतात. तिच्या मागे अंड्यांची पांढरी फीत आहे. ही सगळी तिची गृहस्थी, आणि तुम्ही उंबऱ्यावरचे पाहुणे.

लेन्स तिच्यापासून चार बोटांवर येते. मध्ये उरलेल्या एवढ्याशा पाण्यात गढूळपणाला जागाच नाही. अर्धा श्वास सोडून तुम्ही बटण दाबता. स्ट्रोब उजळतात आणि पाण्याने शोषलेला लाल, केशरी, गुलाबी रंग एका क्षणात परत येतो. चाळीस वेळा बटण दाबल्यावर एकदा दोन्ही शिंगं स्पष्ट येतात. ती चरत राहते. साडेतीनशे वर्षांत एक अंतर मिटलं की दुसरं वाढत होतं. या चार बोटांत दोन्ही मिटली. ती तिच्या घरी आहे आणि तुम्ही तिच्याजवळ.

शिरीषाची फांदी काचेला घासते. जयनगर. स्क्रीन. तुम्ही फोटो आणखी मोठा करता, शिंगांपासून पिसाच्या टोकापर्यंत, आणि थांबता. कोपऱ्यात, फोकसच्या किंचित बाहेर, हायड्रॉइडला काटकुळ्या पायांनी धरून कुणीतरी उभं आहे. काडीसारखं अंग, पुढे जोडल्यासारखे दोन हात. कंकाल-कोळंबी. तेव्हा पाण्यात तुम्हाला तिचा पत्ताच लागला नव्हता. चार बोटंसुद्धा तिच्यासाठी लांब पडली होती.

तुम्ही दिनदर्शिका उघडता. पावसाळ्यात मालवणच्या होड्या बंद असतात. ऑक्टोबरमध्ये पाणी निवळेल.