पटकी, आमांश आणि आंतड्याचें अस्तर

पालघर, बोईसर, तारापूर या किनाऱ्यालगतच्या मुलुखांत पाऊस लागला, म्हणजे विहिरींत गढूळ पाणी उतरतें आणि पोटाचे विकार घरांत शिरतात. पटकी व आमांश हे त्यांतले दोन जुने वैरी. दोघेही पाण्यावाटे येऊं शकतात. परंतु आंतड्याच्या अस्तराशीं दोघांची वागणूक अगदीं निराळी आहे.

येथून आगगाडीनें दक्षिणेस गेलें म्हणजे मुंबईस परळ येथें हाफकिन संस्था लागते. तेथें १९५९ सालीं निर्मलकुमार दत्त, पानसे व कुलकर्णी यांनीं सशाच्या पिलांस पटकीच्या जंतूंपासून काढलेलें विष दिलें. तेवढ्यानेंच त्यांस जुलाब सुरू झाले. त्याच वर्षीं कलकत्त्यास शंभुनाथ डे यांनीं जंतु गाळून काढलेल्या द्रवानें तेंच सिद्ध केलें. पटकींत अस्तर सोलून निघतें, हा जुना समज होता. तोही १९६० सालीं बँकॉकच्या रोग्यांवरील तपासणीनें खोटा ठरला. पटकीचा जंतु अस्तरावर बसून विष सोडतो. पेशींत शिरत नाहीं.

आमांशाचा प्रकार उलटा. त्याचा जंतु कियोशी शिगा यांनीं १८९७ सालच्या जपानांतील सांथींत हुडकून काढला. तो मोठ्या आंतड्याच्या अस्तरांतील पेशींत शिरून तेथेंच वाढतो. पेशी मात्र मुकाट बसत नाहींत. जंतूच्या कवचाचे कण ओळखणारें ‘नॉड-१’ नांवाचें प्रथिन त्यांत असतें, असें २००१ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील संशोधनांत दिसून आलें. तें जागें होतांच पेशी रासायनिक निरोप सोडते व त्या हांकेसरशी पांढऱ्या रक्तपेशी धांवत येतात. जागा लाल होते, सुजते, हाच दाह. परंतु ही कुमक पेशींमधील सांधे उसवीत येते, त्या फटींतून आणखी जंतू आंत घुसतात, आणि आंव व रक्त पडूं लागतें. चोर धरण्यास आलेल्यांनींच भिंत पाडावी, तसा हा प्रसंग. तरीही हांक व्यर्थ नव्हे. अखेर जंतूंचा निःपात याच रक्तपेशी करतात.

उपचारही या भेदावरच ठरतो. पटकींत अस्तर शाबूत असल्यामुळें मीठ व साखर यांसह पाणी शोषण्याची त्याची शक्ति टिकते. म्हणूनच १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासितांत दिलीप महालनबीस यांनीं मीठ, सोडा व ग्लुकोज यांचें पाणी पाजून हजारों जीव वांचविले. आमांशांतही पाणी हवेंच. परंतु रक्त दिसतांच डॉक्टरकडे जाण्यास विलंब करूं नये, कारण तेथें भिंतच ढासळत असते.