अडीच तास लवकर येणारं शेंडेनक्षत्र

राणीसावरगावात धूमकेतूंच्या इतिहासावर बोलायचं, तर सुरुवात हैदराबादपासून करू. १९४९ साली आपला परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता. म्हणजे १९०१ साली स्थापन झालेली निजामिया वेधशाळा ही आपल्याच राज्याची. तिथल्या एका खगोल अभ्यासकाचे चिरंजीव वेणू बाप्पू हैदराबाद सरकारची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेत हार्वर्डला शिकायला गेले. जुलै १९४९ मध्ये त्यांनी काढलेल्या फोटोप्लेटवर एक नवा धूमकेतू सापडला. तेव्हा त्यांचं वय होतं अवघं एकवीस. बाप्पू, त्यांचे प्राध्यापक बोक आणि सहाध्यायी न्यूकर्क या तिघांची नावं त्या धूमकेतूला मिळाली.

त्याच हार्वर्डमध्ये, त्याच सुमारास, फ्रेड व्हिपल एका जुन्या कोड्यावर विचार करत होते. ते कोडं होतं एन्के धूमकेतूचं. हा सूर्याभोवती साधारण ३.३ वर्षांत एक फेरी मारतो. एन्के यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचं गणित मांडलं, पण धूमकेतू दर फेरीला सुमारे अडीच तास आधीच हजर! एन्के म्हणाले, अवकाशात काहीतरी विरळ माध्यम असावं. त्याच्या विरोधामुळे कक्षा आक्रसते आणि फेरी लवकर संपते.

१८३५ मध्ये हॅली आला, तेव्हा बेसेल यांना त्याच्यातून सूर्याच्या दिशेने फवारे निघताना दिसले. या फवाऱ्यांचा उलटा धक्का धूमकेतूला बसत असेल, असं त्यांनी १८३६ साली लिहिलं. पण ही कल्पना मागे पडली. पुढे हिशेब झाले तेव्हा दिसलं, की हॅली दर फेरीला सुमारे चार दिवस उशिरा येतो. आता बघा, विरोध करणारं माध्यम एकाला लवकर आणि दुसऱ्याला उशिरा कसं आणेल?

व्हिपल यांनी १९५० साली उत्तर दिलं. धूमकेतूचं केंद्रक म्हणजे बर्फ आणि धूळ यांचा गोळा. देवघरातल्या डबीतला कापूर कसा पाणी न होता उडून जातो, तसा उन्हात या बर्फाचा थेट वायू होतो. तो वायू जोरात बाहेर पडतो आणि केंद्रकाला मागे रेटतो.

पण हा रेटा नेमका सूर्याच्या उलट दिशेने का बसत नाही? आपल्याकडचा मे महिना आठवा. सूर्य डोक्यावर बाराला येतो, पण खरा कहर दुपारी दोन-तीनला. केंद्रकही स्वतःभोवती फिरतं, त्यामुळे त्याचे फवारे त्याच्या ‘दुपारी’ जोर धरतात आणि धक्का तिरका बसतो. फिरण्याच्या दिशेप्रमाणे तो धूमकेतूला कधी पुढे ढकलतो, तर कधी मागे ओढतो. गंमत अशी, की पुढे ढकललं तर कक्षा मोठी होते आणि पाहुणा उशिरा येतो. मागे ओढलं तर कक्षा लहान होते आणि तो लवकर येतो. एकाच नियमात एन्केही बसला आणि हॅलीही.

तरी केंद्रक तोवर कुणी पाहिलं नव्हतं. १४ मार्च १९८६ ला युरोपचं जोत्तो यान हॅलीपासून सुमारे ६०० किलोमीटरवरून गेलं. कोळशासारखं काळं, साधारण १५ किलोमीटर लांबीचं केंद्रक दिसलं आणि उजेडाच्या बाजूने सुटलेले फवारेही. मग ४ नोव्हेंबर २०१० ला नासाचं यान हार्टली-२ जवळून गेलं. तिथे कार्बन डायऑक्साइडचे फवारे बर्फाचे तुकडेच्या तुकडे सोबत उडवत होते.

ही फोटोप्लेट लागली तेव्हा बाप्पू विद्यार्थीच होते. पुढे ते भारतात परतले आणि त्यांनी कावलूरची वेधशाळा उभी केली. तिथल्या २.३४ मीटरच्या दुर्बिणीला आज त्यांचंच नाव आहे.

शेंडेनक्षत्र दिसलं की राजावर संकट येतं, असं आपल्या आज्या सांगायच्या. त्याच शेंडेनक्षत्राचा अडीच तासांचा फरक काही माणसांनी चूक म्हणून खोडून टाकला नाही. वहीत जपून ठेवला. म्हणून आज आपल्याला त्याच्या पोटातला बर्फ कळला.