पोलेन्ता, चुन्याची निवळी आणि ज्वारीची भाकरी

"डॉक्टर, गहू पूर्ण बंद केलाय, आता फक्त ज्वारी." आठवड्यातून दोन-तीन पेशंट तरी मला हे सांगतात. ज्वारी चांगलीच आहे, माझ्याही ताटात असते. पण त्यातला 'फक्त' हा शब्द ऐकला की मी जरा सावध होतो. का, ते सांगायला तुम्हाला इटलीत घेऊन जावे लागेल.

इटलीचे जेवण म्हटले की आपल्याला पास्ता आठवतो. पण सुका पास्ता हा मुख्यतः दक्षिणेकडचा. सतराव्या शतकापासून नेपल्समधले गरीबही मॅकरोनी खाऊ लागले. उत्तरेकडचा शेतकरी मात्र पोलेन्ता खायचा. पोलेन्ता म्हणजे भरड पीठ पाण्यात रटरटवून केलेला घट्ट घाटा, साधारण आपल्या उकडीसारखा. दोन्हीकडचे लोक एकमेकांना 'मॅकरोनीखाऊ' आणि 'पोलेन्ताखाऊ' म्हणून चिडवत. खाण्यावरून चिडवण्यात आपणही काही मागे नाही म्हणा!

हा पोलेन्ता आधी बाजरीसारख्या बारीक धान्यांचा व्हायचा. कोलंबसानंतर अमेरिकेतून मका आला आणि सोळाव्या शतकात व्हेनिसच्या आसपास त्याची लागवड सुरू झाली. मका एकरी भरपूर पिकतो. त्यामुळे गहू जमीनदाराच्या वाट्याला आणि बाजारात जाऊ लागला आणि कुळाच्या ताटात मका उरला. पुढे तर सकाळ-संध्याकाळ मकाच. दूध, अंडी, मांस सणासुदीला मिळाले तर मिळाले.

आणि एक विचित्र आजार दिसू लागला. उन्हाळा लागला की हातांच्या मागच्या बाजूला, पावलांवर आणि गळ्याभोवती कातडी लाल होऊन मग काळी, खरखरीत पडायची. त्यानंतर जुलाब. त्यानंतर भ्रम. शेवटी मृत्यू. स्पेनमध्ये गास्पार कासाल या डॉक्टरने १७३५ मध्येच मका खाणाऱ्या गरिबांत हा आजार पाहिला होता. गळ्याभोवतीच्या त्या पट्ट्याला आजही आम्ही 'कासालचा हार' म्हणतो. १७७१ मध्ये मिलानच्या फ्रापोल्लीने त्याचे 'पेलाग्रा', म्हणजे खरखरीत कातडी, हे नाव छापले. १८८१ च्या पाहणीत इटलीत लाखाहून जास्त रुग्ण नोंदले गेले, बहुतेक उत्तरेत. मॅकरोनीखाऊ दक्षिण जवळजवळ सुटली होती.

मक्याचा संबंध आहे हे सगळ्यांना दिसत होते. पण कसा? चेझारे लोम्ब्रोझो या नामांकित डॉक्टरचे म्हणणे, बुरशी लागलेल्या मक्यातले विष. त्यामुळे १९०२ मध्ये इटलीने खराब मका विकण्यावर बंदी घालणारा कायदा केला. मला हे नेहमी खटकते. चांगला मका पोटभर खाऊनही माणूस आजारी पडू शकतो, ही शक्यता मागेच राहिली. कारण ती मान्य केली तर प्रश्न धान्याचा राहत नाही, कुळाच्या गरिबीचा होतो.

अमेरिकेच्या दक्षिण राज्यांत हेच झाले. तिथे डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गरने १९१४ पासून अनाथालयांत मुलांना दूध, अंडी, मांस, शेंगा द्यायला लावल्या आणि पेलाग्रा थांबला. तरी लोक संसर्गावर अडून बसले, तेव्हा त्याने रुग्णांचे रक्त स्वतःला टोचून घेतले. काही झाले नाही. तो १९२९ मध्ये वारला. १९३७ मध्ये एल्व्हेजेमने दाखवले की नायसिन, म्हणजे बी-३ जीवनसत्त्व, हाच यावरचा उपाय.

मग ज्यांनी मका हजारो वर्षे खाल्ला त्या मेक्सिकोत हा आजार का नव्हता? तिथल्या बायका मका चुन्याच्या पाण्यात उकळून, भिजवून, धुऊन मग वाटतात. मक्यात नायसिन असते, पण असे बांधलेले की आपले आतडे ते घेऊ शकत नाही. चुन्याने ते सुटे होते. युरोपात बी पोचले, चुन्याची निवळी मात्र मागेच राहिली.

आता आपल्याकडे या. १९६० मध्ये हैदराबादच्या गोपालन आणि श्रीकांतिया यांनी दख्खनमधल्या, मुख्यतः ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमधल्या पेलाग्राबद्दल लिहिले. ज्वारीतल्या जास्त ल्युसिनवर त्यांचा संशय होता. त्यावर पुढे वाद झाले. पण ते रुग्ण खरे होते, आणि त्यांच्या भाकरीसोबत डाळ-दूध जवळजवळ नव्हते.

हे वाचूनही माझी चूक व्हायची ती झालीच. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला एक गृहस्थ आले, रोज दारू पिणारे. हात काळवंडलेले, मी मलम दिले. पुढच्या वेळी जुलाब, मी गोळ्या दिल्या. तिसऱ्या वेळी बायको म्हणाली, "साहेब, हे रात्री भिंतीशी बोलतात." तेव्हा कुठे मी त्यांच्या शर्टाचे वरचे बटण काढायला सांगितले. गळ्याभोवती पट्टा होता. नायसिनच्या गोळ्यांनी जुलाब काही दिवसांत थांबले, कातडीला बरेच आठवडे लागले.

आज हा आजार मुख्यतः अशा दारू पिणाऱ्यांत आणि क्वचित क्षयाचे आयसोनियाझिड घेणाऱ्यांत दिसतो. उघड्या भागावरच काळे चट्टे आणि सोबत जुलाब किंवा विसरभोळेपणा असेल, तर डॉक्टरांना तिन्ही गोष्टी एकाच वेळी सांगा. आणि ज्वारीवाल्यांनो, भाकरी खुशाल खा. सोबत आमटी, उसळ, शेंगदाण्याची चटणी, जमल्यास अंडे किंवा दही घ्या.