मुखपृष्ठासकट जपा!

आपल्या सोसायटीचा पंचवीस वर्षांचा इतिहास सभांच्या इतिवृत्तात सापडेल. पण आपल्या घरांचा त्याआधीचा थोडा इतिहास माळ्यावरच्या जुन्या दिवाळी अंकांतही आहे.

मराठीत दिवाळी अंकाची प्रथा पाडली ती काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने, १९०९ साली. १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. कारखान्याचं हे माहितीपत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून घरोघर पोचलं. त्याचे संपादक शं. वा. किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते. १९४५ साली दीनानाथ दलालांनी ‘दीपावली’ सुरू केलं. दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठं तर लोकांनी चौकटीत घालून भिंतीवर लावली! मधुकर पाटकरांच्या ‘आवाज’मधली खिडकीचित्रं आणि ‘ललित’च्या दिवाळी अंकांवरची वसंत सरवट्यांची हास्यचित्रं आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील.

हे अंक वाचनालयांनी जपले, पण बाइंडिंग करताना कित्येकदा मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकली. मजकूर उरला, चित्रं गेली. लुगडं कसं नेसत, दागिने कोणते, घरात रेडिओ कुठे ठेवत, कोणता साबण वापरत, हे सगळं त्याच पानांवर होतं. कथा पुढे पुस्तकात येते. मुखपृष्ठ क्वचितच पुन्हा छापलं जातं. म्हणून संग्राहक मुखपृष्ठासकट, जाहिरातींसकट असलेला अंक शोधतात. मग तो थोडा फाटका असला तरी चालतो.

तुमच्याकडे असे अंक असतील तर एवढं करा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. काही वर्षांनी तिचा डिंक पिवळा पडून कागद खराब करतो. लॅमिनेशन तर नकोच. अंक उभे कोंबण्यापेक्षा आडवे ठेवा, ओल आणि उन्हापासून दूर. टाचण्या गंजल्या असतील तर हलक्या हाताने काढून दोऱ्याने शिवा. मुखपृष्ठ सुटलं असेल तर त्याच अंकात ठेवा. चित्रकाराची सही बहुधा चित्राच्या कोपऱ्यात असते. ती आणि अंकाचं वर्ष वहीत लिहून ठेवा.

दिवाळीची साफसफाई दरवर्षी येते आणि रद्दीवाला किलोवर भाव करतो. माळा रिकामा करण्याआधी घरातल्या आजी-आजोबांना एकदा विचारा. आणि अंक द्यायचेच असतील तर आधी सोसायटीच्या फलकावर चिठ्ठी लावा. शेजारच्या विंगमध्ये कुणीतरी नेमका तोच अंक शोधत असेल!