आडनाव, वतन आणि वारसा

आजचा भाग सुरू करण्याआधी एक छोटं काम करा. फोनमधले कॉन्टॅक्ट्स उघडा आणि ही आडनावं शोधा: पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे. सापडली ना? ही सगळी मुळात पदांची नावं आहेत. पाटील गावाचा कारभार बघायचा, कुलकर्णी गावाचा हिशोब लिहायचा. देशमुख आणि देशपांडे हीच कामं अख्ख्या परगण्यासाठी करायचे.

आज कुणी मुलाचं आडनाव 'टीम लीड' ठेवत नाही. मग तेव्हा पदाचं आडनाव कसं झालं? कारण पद घर सोडून जातच नव्हतं. बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे. या वंशपरंपरागत हक्काला म्हणायचे वतन.

वतनासोबत काय यायचं? इनाम जमीन, रयतेच्या पिकातला वाटा आणि मानपान. होळीत पहिली पोळी कुणाची, पोळ्याला पुढे बैल कुणाचा, हेसुद्धा ठरलेलं. आदिलशाही गेली, पेशवाई गेली, इंग्रज आले, तरी बरीच वतनं चालू राहिली. इंग्रजांनी तर १८७४ साली मुंबई इलाख्यात वंशपरंपरागत पदांचा कायदाच केला.

आता खरी गोष्ट ऐका. त्याच गावात, त्याच शब्दाखाली आणखी एक वारसा होता: महार वतन. सरकारी निरोप पोचवणं, वसुलाच्या रकमेबरोबर चालणं, गावाची राखण, मेलेली जनावरं ओढणं. वेळ ठरलेली नाही. घरचा कर्ता पुरुष नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी जावं लागायचं. मोबदला म्हणून थोडी इनाम जमीन, जी दर पिढीत वाटण्या होऊन आणखी लहान व्हायची, आणि बलुत्याचं धान्य, तेही गाव देईल तेव्हा.

म्हणजे बघा, शब्द एकच. एका मुलाला वारशात लेखणी मिळाली, दुसऱ्याला हातातली काठी आणि 'आलो जी' म्हणायची सवय.

बाबासाहेब आंबेडकरांनी हे नेमकं ओळखलं होतं. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. ते काही मंजूर झालं नाही. पण स्वतः बाबासाहेब तिथवर कसे पोचले? त्यांचे वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते आणि फौजेच्या शाळेत शिकवायचे. म्हणजे घरात एक पिढी आधी अक्षर आलं होतं. पुढे १९१३ साली बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते कोलंबिया विद्यापीठात गेले. बुद्धी अफाट होतीच, पण तिला उभं राहायला एक पायरी लागली. बाकीच्या हजारो घरांना ती पायरी मिळाली नाही. उलट १८९० च्या दशकात महारांची फौजेतली भरतीच बंद झाली.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी दोन्ही टोकांना हात घातला. १९०२ साली सरकारी नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा. १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा. १९१८ साली कुलकर्णी वतनं रद्द करून पगारी तलाठी, आणि त्याच वर्षी महार वतनंही रद्द. नुसती वतनं काढून भागणार नाही, शाळाही पाहिजे, हे त्यांना कळलं होतं.

स्वातंत्र्यानंतर हे काम कायद्याने झालं. १९५० साली परगणा आणि कुलकर्णी वतनं, १९५८ साली महार वतनासारखी गावकीची कनिष्ठ वतनं, १९६२ साली मुलकी पाटीलकी. कागदावर वतन संपलं.

आणि इथे मी येतो. माझे पणजोबा गावचे कुलकर्णी. 'आपल्याकडे पैसा कधीच नव्हता,' असं आजोबा सांगायचे आणि त्यांना ते मनापासून वाटायचं. पण पणजोबांना मोडी यायची, म्हणून आजोबांना कारकुनी मिळाली, म्हणून बाबा शहरात शिकले, म्हणून मी स्वतःच्या खोलीत अभ्यास केला. बारावीनंतर माझी प्रवेश परीक्षा बिघडली. बाबा म्हणाले, 'एक वर्ष ड्रॉप घे, काळजी करू नकोस.' पुढच्या वर्षी बीटेकला नंबर लागला. कितीतरी वर्षं मी हे सगळं 'माझी मेहनत' या एकाच खात्यात जमा करत होतो. मेहनत होतीच हो, खोटं कशाला सांगू? पण दुसरी संधी माझी कमाई नव्हती. जमीन, पद सगळं कधीच गेलं होतं. माझ्यापर्यंत पोचली ती चूक करायची मुभा.

कोडिंगमध्ये इनहेरिटन्स असतं ना, पेरेंट क्लासमधलं न लिहिता आपोआप मिळतं, तसंच हे. आपल्या फाइलमध्ये त्याची एक ओळही दिसत नाही, म्हणून वाटतं की सगळा कोड आपणच लिहिलाय.

तर आज घरी एक प्रश्न विचारा: आपल्या घरात लिहायला-वाचायला पहिल्यांदा कोण शिकलं? काही घरांत लगेच नाव सांगतील, साल सांगतील, शाळेपर्यंत किती चालावं लागायचं तेही सांगतील. माझ्या घरात विचारलं तर कुणाला आठवेना. इतकी जुनी गोष्ट आहे. आमचं वतन हेच.

तुमच्या घरचं उत्तर काय आलं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!