गाविलगड आणि चांदबीबीचा तह

चिखलदऱ्याला आलेला पाहुणा गाविलगडावर जातो, दिल्ली दरवाजावरची शिल्पे पाहतो, तोफेजवळ उभा राहून छायाचित्र काढून घेतो आणि परततो. बहामनी सुलतान अहमदशहाने १४२५-२६ च्या सुमारास हा गड बांधविला, फतेहउल्ला इमादुल्मुल्काने १४८८ मध्ये तो दुरुस्त करून भक्कम केला व दोनच वर्षांनी तो वऱ्हाडचा स्वतंत्र राजा झाला, एवढे वाटाड्याही सांगतो. पण या तटांच्या आत कोणाच्या लेकी सुना होऊन आल्या, आणि पुढे एका स्त्रीने केलेल्या तहात हा सारा मुलूख कसा मोगलांच्या पदरी पडला, ही हकीकत फारशी कोणी सांगत नाही.

बहामनी राज्य फुटून जी पाच राज्ये झाली, त्यांचे आपसांतले राजकारण पुष्कळदा लग्नमंडपातच ठरत असे. विजापूरचा पहिला आदिलशहा यूसुफ याची बेगम बुबूजी खानम ही मराठा सरदार मुकुंदराव याची बहीण होती, असे इतिहासकार फिरिश्ता लिहितो. यूसुफ वारला तेव्हा मुलगा इस्माईल अल्पवयीन होता. पोर्तुगीज गोव्यात पाय रोवीत होते आणि कारभारी कमालखान गादी बळकावू पाहत होता. या बाईने १५११ मध्ये त्याचा काटा काढविला. त्याच्या मुलाने राजवाड्यावर चाल केली, तर आतल्या स्त्रिया शस्त्रे घेऊन तटावर उभ्या राहिल्या.

अशा आईच्या मुली मात्र तहाच्या कलमांप्रमाणे वाटल्या गेल्या. खदीजा वऱ्हाडच्या अलाउद्दीन इमादशहाला दिली गेली. अलाउद्दीनचे वास्तव्य या गाविलगडावर असे. मरियम (आपल्या पवित्र मातेचेच हे नाव, म्हणून वाचताना नजर थबकते) १५२४ मध्ये सोलापूर येथे अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली गेली. तिच्याबरोबर सोलापूरचा किल्ला द्यायचा ठरला होता, तो मिळाला नाही. त्या एका किल्ल्यापायी दोन्ही घराणी पुढे सुमारे चाळीस वर्षे लढत राहिली. माहेरच्या तोफा सासरवर आणि सासरच्या माहेरवर, अशा संसाराची कल्पनाच केलेली बरी.

बुऱ्हाणचा मुलगा हुसेन याने १५५८ मध्ये वऱ्हाडच्या दर्या इमादशहाची मुलगी दौलत हिच्याशी लग्न केले. त्याची दुसरी बेगम खुंझा हुमायून हिने पतीच्या मृत्यूनंतर, १५६५ पासून काही वर्षे, मुलगा मुर्तजा याच्या नावाने राज्य चालविले. शेवटी त्याच मुलाने तिला कैद केले. 'तारीफ-इ-हुसेनशाही' या ग्रंथाची सचित्र प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तिच्यात हुसेनशहाशेजारी काढलेली या राणीची आकृती काही चित्रांत नंतर कोणी तरी मिटवून टाकली आहे!

चांदबीबी ही तिचीच मुलगी. विजापूरच्या अली आदिलशहाशी तिचा विवाह झाला, तेव्हा सोलापूर तिच्या हुंड्यात गेले. जो किल्ला सावत्र आजीबरोबर विजापूरहून यायचा, तो नातीबरोबर विजापूरला पोहोचला. १५८० मध्ये पतीचा खून झाला. नऊ वर्षांच्या पुतण्यासाठी तिने कारभार हाती घेतला, तर एका कारभाऱ्याने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात डांबले. सुटल्यावर काही काळाने ती अहमदनगरला माहेरी परतली. तिथेही वारसाचा तंटा पेटला आणि ती भावाच्या नातवासाठी, तान्ह्या बहादुरसाठी, उभी राहिली.

१५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद याने अहमदनगरला वेढा घातला. हा तोच मुराद, ज्याला लहानपणी, १५८० मध्ये, फत्तेपूर सिक्री येथे येशूसंघीय फादर मोन्सेरात यांनी पोर्तुगीज भाषा व ख्रिस्ती धर्मतत्त्वे शिकविली होती. शिष्य मोठा झाल्यावर गुरूच्या धड्यांचे काय उरते, हा प्रश्न धर्मशिक्षण देणाऱ्या आम्हा सर्वांचाच आहे. फेब्रुवारी १५९६ मध्ये सुरुंगाने तटाला मोठे भगदाड पडले. चांदबीबी चिलखत घालून, तोंडावर बुरखा व हाती नंगी तलवार घेऊन त्या भगदाडात आली. रात्र पडेपर्यंत मोगल आत शिरू शकले नाहीत आणि उजाडेपर्यंत तट पुन्हा पुरुषभर उंच झाला होता.

त्यानंतर तह झाला. बहादुरची गादी मान्य झाली. तिच्या बदल्यात वऱ्हाड द्यावे लागले. गाविलगड आणि नरनाळा यांनी आणखी दोनेक वर्षे दम धरला. मुरादने बाळापूरजवळ शहापूर वसविले.

आम्हां वऱ्हाडकरांना हे झोंबते. नगर वाचविण्यासाठी आमचा मुलूख का? परंतु तिने दिले ते वऱ्हाड १५७४ मध्ये तिच्याच भावाने, मुर्तजाने, इमादशाही बुडवून घेतले होते. म्हणजे तिने सोडली ती दौलत बेगमच्या माहेरची भूमी. ती लुटणाऱ्याला इतिहासाने विजेता म्हटले आणि सोडणारीला आपण जाब विचारतो. तिचा निर्णय मला योग्य वाटतो. उपाशी शिबंदी, फुटलेला तट, आपसांत भांडणारे सरदार आणि एक मूल, एवढेच तिच्या हाती होते.

पोर्तुगालची संत राणी एलिझाबेथ हिची येथे आठवण होते. पती व पुत्र यांची सैन्ये १३२३ मध्ये समोरासमोर ठाकली, तेव्हा ती मध्ये जाऊन उभी राहिली. त्याआधी पतीनेच तिच्यावर मुलाला फितूर झाल्याचा आळ घेऊन तिला आलेंकेर येथे पाठविले होते. ४ जुलै १३३६ रोजी, आणखी एक युद्ध थांबविण्याच्या खटपटीत, तिने देह ठेवला. पोप आठवे अर्बन यांनी १६२५ मध्ये तिला संतपद दिले.

चांदबीबीला तसे मरण आले नाही. १६०० मध्ये मोगल पुन्हा आले, तेव्हा किल्ला सोडून बहादुरला खजिन्यासह सुखरूप जुन्नरला न्यावे, असे तिने एका विश्वासातल्या खोजाजवळ बोलून दाखविले. ती किल्ला विकते आहे, अशी ओरड त्याने रस्त्यांतून केली. हमीदखानाच्या मागे जमाव आत घुसला आणि तिला ठार मारले. थोड्याच आठवड्यांत, ऑगस्टमध्ये, किल्ला पडला; बहादुरची रवानगी ग्वाल्हेरच्या तुरुंगात झाली. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे डोंगरावर एक उंच इमारत दिसते. लोक तिला 'चांदबीबीचा महाल' म्हणतात. वस्तुतः ती सलाबतखान नावाच्या सरदाराची कबर आहे.